यंत्राची फेड : मशीन शॉपमधील गुंतवणुकीचे समर्थन आणि त्यातून वगळलेला हात

मशीन शॉपमध्ये नवे यंत्र येण्यापूर्वी एक कागद येतो. यंत्राची किंमत, उभारणीचा व प्रशिक्षणाचा खर्च, दरवर्षी होणारी बचत आणि शेवटच्या ओळीत गुंतवलेले पैसे किती वर्षांत वसूल होतील याचा आकडा, असे या कागदाचे स्वरूप गेल्या शतकात बहुतेक औद्योगिक देशांत ठरून गेले. व्यवस्थापनशास्त्राने त्याकडे निर्णयाचे साधन म्हणून पाहिले आणि अर्थशास्त्राने भांडवलाच्या हालचालीचा पुरावा म्हणून. साहित्याच्या अभ्यासकांचे लक्ष मात्र त्याकडे क्वचितच गेले. वास्तविक हा कागद म्हणजे एक कथन असते. त्यात भूतकाळ आकड्यांत सांगितलेला असतो आणि भविष्यकाळ आकड्यांच्या वेषात उभा केलेला असतो. त्यात जुने यंत्र आणि नवे यंत्र अशी दोन पात्रे असतात, अपेक्षित शेवट असतो, आणि कोणत्याही कथनाप्रमाणे काही वगळलेलेही असते. हे वगळलेले काय होते आणि त्याची नोंद अन्यत्र कोठे झाली, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

या कागदाला इंग्रजीत 'जस्टिफिकेशन' म्हणतात. या शब्दाची इंग्रजीत आणखी दोन घरे आहेत. ख्रिस्ती धर्मशास्त्रात ईश्वराने पापी मनुष्याला निर्दोष ठरविणे म्हणजे जस्टिफिकेशन. आणि हे केवळ श्रद्धेने घडते, कर्माने नव्हे, हा मार्टिन ल्यूथरचा प्रसिद्ध सिद्धान्त. छापखान्यात, ओळीतील अक्षरांमधले अंतर कमीजास्त करून दोन्ही कडा सरळ आणणे म्हणजेही जस्टिफिकेशन. मराठीत आपण 'समर्थन' म्हणतो, पण त्या शब्दाला वादसभेचा वास आहे. कारखान्यातल्या बोलीत प्रश्न निराळा पडतो : 'मशीनचे पैसे किती वर्षांत फिटतील?' 'फिटणे' आणि 'फेडणे' ही क्रियापदे मराठीत ऋणाच्या परिसरातली आहेत. कर्ज फेडतात, नवस फेडतात, आईबापांचे पांग फेडतात. इंग्रजी कागदातले यंत्र निर्दोष ठरण्यासाठी उभे असते, तर मराठी बोलीतले यंत्र देणेकरी असते. हा भेद फार ताणू नये. तथापि कोणाचे कोणाला देणे लागते, हा प्रश्न मराठी शब्दाने आपोआप उपस्थित होतो, आणि पुढील इतिहासात तो वारंवार डोके वर काढतो.

या युक्तिवादाचे पहिले व्यवस्थित रूप चार्ल्स बॅबेज यांच्या यंत्रे व उत्पादन यांच्या अर्थव्यवस्थेवरील १८३२ च्या ग्रंथात सापडते. ज्या मालाला मोठी मागणी आहे तो तयार करणारी यंत्रे सहसा झिजून निकामी होत नाहीत. त्याआधीच अधिक चांगले यंत्र निघते आणि जुने मागे पडते, असे बॅबेज यांचे निरीक्षण होते. म्हणून सुधारलेल्या यंत्राने पाच वर्षांत आपली किंमत फेडावी आणि दहा वर्षांत दुसऱ्यासाठी जागा सोडावी, असा तत्कालीन व्यवहारातला ठोकताळा त्यांनी नोंदविला. जाळीदार कापड विणणारे बाराशे पौंडांचे यंत्र थोड्याच वर्षांत साठ पौंडांना विकले गेले. त्या धंद्यातील तेजीच्या काळात तर सुधारणा इतक्या वेगाने आल्या की अर्धवट बांधलेली यंत्रे मागणी नोंदविणाऱ्यांनी कारागिराकडेच सोडून दिली. यंत्राचे आयुष्य लोखंडावर अवलंबून नसून शेजारच्या कारखान्यात काय घडते यावर अवलंबून आहे, ही जाणीव येथे प्रथमच इतकी स्पष्ट दिसते.

हा ग्रंथ ज्या उद्योगातून जन्मला तो मात्र कोणत्याही ठोकताळ्यात बसणारा नव्हता. गणिती कोष्टके बिनचूक तयार करणारे 'डिफरन्स इंजिन' बांधण्यासाठी बॅबेज यांनी कारखान्यांचे बारकाईने निरीक्षण केले होते. ब्रिटिश सरकारने त्या यंत्रावर सुमारे १७ हजार पौंड खर्च केले आणि १८४२ मध्ये हात आखडता घेतला. यंत्र अपुरेच राहिले. पाच वर्षांत फेड हवी हे नोंदविणाऱ्या ग्रंथकाराला स्वतःच्या यंत्राची फेड दाखविता आली नाही, असे यावर म्हटले जाते आणि ते खोटेही नाही. पण या प्रकरणातील एक तपशील अधिक बोलका आहे. यंत्राचे सुटे भाग घडविणारे जोसेफ क्लेमंट हे त्या काळातील अव्वल दर्जाचे कारागीर. १८३३ मध्ये पैशांच्या वादातून त्यांनी काम थांबविले, तेव्हा या कामासाठी सरकारी पैशातून तयार झालेली खास हत्यारे त्यांच्याकडेच राहिली, कारण हत्यारे ती घडविणाऱ्याची, असा धंद्याचा रिवाज होता. क्लेमंट यांच्या शॉपमध्ये काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी पुढे १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांचे प्रमाणीकरण मांडले आणि ते ब्रिटिश उद्योगात सर्वत्र रुजले. सरकारी हिशेबात बुडालेला पैसा अशा रीतीने कारागिरांच्या हातांत आणि हत्यारांत काही अंशी जिवंत राहिला. त्यासाठी कागदावर रकाना नव्हता. हत्यार कोणाचे हा मुद्दा लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

कार्ल मार्क्स यांनी १८६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'भांडवल' या ग्रंथाच्या पहिल्या खंडात बॅबेज यांचा आधार घेतला. लोखंडाची झीज वेगळी आणि स्वस्त किंवा चांगले यंत्र निघाल्यामुळे जुन्या यंत्राची घसरणारी किंमत वेगळी, असा भेद करून त्यांनी दुसरीला 'नैतिक झीज' असे नाव दिले. नैतिक हे विशेषण आजच्या वाचकाला अडखळविते. येथे त्याचा अर्थ भौतिकाहून वेगळे, मूल्याशी संबंधित असा घ्यावा लागतो. त्याच विवेचनात एक कठोर निरीक्षण आहे. मालक यंत्राची किंमत वाचलेल्या श्रमाशी ताडून पाहत नाही, वाचलेल्या मजुरीशी ताडून पाहतो. मजुरी अत्यल्प असेल तर यंत्र येतच नाही. अमेरिकेत निघालेले खडी फोडण्याचे यंत्र इंग्लंडमध्ये वापरले जात नव्हते, आणि इंग्लंडमध्ये कालव्यातल्या होड्या ओढण्यासाठी कित्येकदा घोड्यांऐवजी स्त्रियांना जुंपले जाई; कारण घोड्याचा खर्च नेमका ठाऊक होता, आणि त्या स्त्रियांना जगविण्याचा खर्च हिशेबात धरण्याइतकाही नव्हता. यंत्राच्या समर्थनाचा कागद मजुरीच्या रकान्यावर उभा असतो, तेव्हा तो दोन टोकांना दोन प्रकारे निर्दय होतो. महाग हात काढून टाकला जातो आणि स्वस्त हात राबत ठेवला जातो.

मजुरीच्या या रकान्यात कामगाराचे ज्ञान कोठे बसते? त्याला स्वतंत्र वस्तू म्हणून वेगळे काढण्याचे श्रेय फ्रेडरिक टेलर यांना द्यावे लागते. फिलाडेल्फियातील एका मशीन शॉपमध्ये टेलर यांनी मजूर म्हणून सुरुवात केली आणि पुढे ते तेथेच मुकादम झाले. लेथवर कट किती खोल घ्यावा, वेग किती ठेवावा, हे टर्नर अनुभवाने ठरवीत, आणि मुकादमाला त्यावर बोट ठेवता येत नसे. धातू कापण्याच्या कलेवरील १९०६ च्या प्रसिद्ध निवेदनात टेलर यांनी २६ वर्षांच्या प्रयोगांचा अहवाल दिला. या प्रयोगांत आठ लक्ष पौंडांहून अधिक वजनाच्या धातूचा भुगा झाला होता आणि दीड ते दोन लक्ष डॉलर खर्ची पडले होते. बारा चलांचे हे कोडे शेवटी एका सरकपट्टीवर आले. पट्टी सरकवली की वेग मिळे. टर्नरला काय येते याची ती पहिली मोठी नोंद होती आणि ती टर्नरच्या खिशात न राहता नियोजन कचेरीच्या टेबलावर गेली. क्लेमंट यांची हत्यारे क्लेमंट यांच्याकडे राहिली होती. सत्तर वर्षांनी रिवाज उलटला होता.

या युक्तिवादाला आधुनिक सूत्राचे रूप आले ते १९४९ साली. यंत्रे बनविणाऱ्या अमेरिकन उद्योगांच्या संस्थेतील अर्थतज्ज्ञ जॉर्ज टरबर्ग यांचा 'डायनॅमिक इक्विपमेंट पॉलिसी' हा ग्रंथ त्या वर्षी निघाला. संस्था यंत्रे विकणाऱ्यांची होती, हे विसरून चालणार नाही. टरबर्ग यांनी आपल्या विवेचनासाठी निवडलेल्या संज्ञा साहित्याच्या अभ्यासकाला थांबवून ठेवणाऱ्या आहेत. शॉपमध्ये चालू असलेले यंत्र हा 'डिफेंडर', म्हणजे किताब राखणारा. बाजारात आलेले नवे यंत्र हा 'चॅलेंजर', म्हणजे आव्हान देणारा. मराठी वाचकाला आखाड्याची आठवण व्हावी अशीच ही मांडणी आहे. विशेष असे की, राखणाऱ्याचा दुबळेपणा त्याच्या स्वतःच्या झिजेत शोधला जात नाही. सर्वोत्तम उपलब्ध यंत्राच्या तुलनेत तो रोज किती मागे पडतो, यावर तो मोजला जातो. राजकीय भूमिकांत काहीच साम्य नसताना मार्क्सची नैतिक झीज आणि टरबर्ग यांची सापेक्ष उणीव ही एकाच घटनेची दोन वर्णने ठरतात. मात्र या आखाड्यात दोन्ही मल्ल यंत्रे आहेत. त्यांच्यावर हात ठेवणारा माणूस फक्त खर्चाच्या ओळीत येतो.

त्याच वर्षी, जून १९४९ मध्ये, अमेरिकन हवाई दलाने मिशिगनमधील ट्रॅव्हर्स सिटी येथील जॉन पार्सन्स यांच्या कंपनीशी दोन लक्ष डॉलरांचा करार केला. पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवीत. पात्याच्या छेदाची वक्ररेषा अचूक यावी म्हणून त्यांचे सहकारी फ्रँक स्टुलेन यांनी छिद्रपत्रिका वाचणाऱ्या हिशेबी यंत्रांवर वक्ररेषेवरील असंख्य बिंदू काढले. मिलिंग मशीनवर एक कामगार आकडे मोठ्याने वाचून दाखवी आणि दोघे जण आडव्या व उभ्या दिशेची चाके त्याप्रमाणे फिरवीत. वाचणारा, ऐकणारे आणि कापणारे यंत्र अशी ही साखळी. यातील माणसांच्या जागी यंत्रणा बसवावी ही पार्सन्स यांची कल्पना. त्यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेला काम सोपविले, आणि काही काळातच प्रकल्प प्रयोगशाळेकडे गेला व पार्सन्स बाजूला पडले. सप्टेंबर १९५२ मध्ये कागदी फितीवरील छिद्रांनी चालणाऱ्या मिलिंग मशीनचे प्रात्यक्षिक झाले. न्यूमरिकल कंट्रोल, म्हणजेच संख्यानियंत्रण, अशा रीतीने जन्मले. आजच्या सीएनसी यंत्रांचे ते पूर्वज होय.

उद्योगांनी त्याचे स्वागत उत्साहाने केले नाही. यंत्र अवजड, अतिमहाग आणि नाजूक होते. फेडीचा कागद जुळत नव्हता. अखेर १९५० च्या दशकाच्या मध्यात हवाई दलाने स्वतःच्या खर्चाने शंभराहून अधिक यंत्रे घेऊन ती विमाने बनविणाऱ्या कंपन्यांच्या शॉपमध्ये बसविली. इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' या १९८४ च्या ग्रंथात, १९४९ ते १९५९ या दशकात लष्कराने या तंत्राच्या संशोधनावर व प्रसारावर किमान ६ कोटी २० लक्ष डॉलर खर्च केले, असा हिशेब मांडला आहे. ज्या तंत्राने पुढे जगभरच्या मशीन शॉपचे रूप पालटले, त्याच्या पहिल्या पिढीला फेडीच्या परीक्षेला बसावे लागलेच नाही. फेब्रुवारी १९५९ मध्ये या यंत्रांना सूचना देणारी भाषा पत्रकारांपुढे सादर झाली, तेव्हा पाहुण्यांना त्या पद्धतीने कोरलेले ॲल्युमिनियमचे रक्षापात्र भेट मिळाले. कथनाला प्रतीक लागते. ते येथे सिगारेटची राख झाडण्याचे निघाले.

याच काळात एक दुसरी वाट होती. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत १९४६-४७ च्या सुमारास 'रेकॉर्ड-प्लेबॅक' हे तंत्र विकसित झाले. कुशल कामगाराने पहिला जॉब स्वतःच्या हाताने करावा, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदल्या जाव्यात, आणि पुढचे जॉब यंत्राने ती फीत वाजवून करावेत, अशी ही पद्धत. संख्यानियंत्रणात फीत कचेरीत लिहिली जाते. येथे ती शॉपमध्ये, कामगाराच्या मनगटातून लिहिली जात होती. हे तंत्र स्वस्त व साधे असूनही सोडून देण्यात आले. नोबल यांच्या मते त्याचे कारण असे की, यात कामाचा ताबा कामगाराकडे राहत होता आणि व्यवस्थापनाला नेमके तेच नको होते. नोबल यांचा हा निष्कर्ष सरसकट स्वीकारता येत नाही. विमानाच्या पंखातील काही आकार हाताने चाके फिरवून कोरताच येत नाहीत. जी हालचाल कोणत्याच हाताने कधी केली नाही ती नोंदणार कशी? परंतु सामान्य जॉब करणाऱ्या हजारो छोट्या शॉपना असले आकार लागत नव्हते. त्यांच्यापुरते नोबल बरोबर आहेत. लष्कराच्या गरजेसाठी निवडलेली वाट सर्वांची वाट झाली आणि तिचे आर्थिक समर्थन मागाहून लिहिले गेले.

येथे कादंबरी प्रवेश करते. १९४७ पासून काही वर्षे कर्ट व्हॉनेगट जनरल इलेक्ट्रिकच्या स्केनेक्टडी येथील जनसंपर्क विभागात नोकरीला होते. कंपनीच्या संशोधनाच्या सुरस बातम्या लिहिणे हे त्यांचे काम. तेथे स्वयंचलित मिलिंग मशीन पाहिल्यावर 'प्लेअर पियानो' ही त्यांची पहिली कादंबरी सुचली, आणि ती १९५२ मध्ये, म्हणजे संख्यानियंत्रणाच्या प्रात्यक्षिकाच्याच वर्षी, प्रसिद्ध झाली. कादंबरीतील रूडी हर्ट्झ हा निष्णात टर्नर. तरुण अभियंत्यांनी त्याच्या लेथवरील हालचाली फितीवर घेतल्या आहेत; त्या फितीवर आता लेथची रांग चालते आणि रूडीला काम नाही. आपली निवड झाली याचा त्याला तेव्हा अभिमान वाटला होता, हा तपशील कादंबरीकाराने मुद्दाम ठेवला आहे. पुढे वृद्ध रूडीची नायक पॉल प्रोटियसशी गुत्त्यात गाठ पडते आणि तो त्याच्यासाठी आपल्या पैशाने स्वयंवादक पियानो लावतो. समोर कोणी बसलेले नसताना पट्ट्या खाली-वर होत राहतात.

नोबल आणि व्हॉनेगट यांना अमेरिकन समीक्षेत सामान्यतः एका बाजूला उभे केले जाते. दोघेही यंत्राकडे संशयाने पाहतात हे खरे. तथापि मजकूर शेजारी ठेवून वाचल्यास त्यांच्यात मूलभूत विरोध दिसतो. दोघांच्या लेखनात तंत्र एकच आहे, रेकॉर्ड-प्लेबॅक. नोबल यांच्या दृष्टीने ती कामगाराच्या हातून निसटलेली संधी आहे. व्हॉनेगट यांच्या दृष्टीने ती चोरी आहे. एका दुपारच्या नोंदीत माणसाचे सारे आयुष्य काढून घेतले जाते. इतिहासकार म्हणतो, फीत कामगाराने लिहिली म्हणून तो सुरक्षित. कादंबरीकार म्हणतो, फीत एकदा लिहून झाली की लिहिणाऱ्याची गरज संपली. या विरोधाचा उलगडा तंत्रात शोधून होत नाही, कारण तंत्र दोन्हीकडे तेच आहे. तो फितीच्या मालकीत आहे. दरवेळी नवा जॉब आला की रूडीलाच बोलवावे लागणार असेल आणि फितीवर त्याचा हक्क असेल, तर नोबल खरे. फीत कंपनीच्या कपाटात जाणार असेल, तर व्हॉनेगट. क्लेमंट यांच्या हत्यारांचा रिवाज फितीला लावावा असे या काळातल्या कोणा हिशेबनिसाला सुचलेले दिसत नाही. मजुरी हा रकाना होता, प्रशिक्षण हा रकाना होता, पण कौशल्याचे देणे हा रकाना नव्हता.

व्हॉनेगट यांची नोकरी मराठी वाचकाला एका वेगळ्या दृष्टान्ताकडे नेते. यंत्र विकणाऱ्या कारखान्याला गोष्ट सांगणारा माणूस लागतो, हे महाराष्ट्रात फार आधी कळले होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे शेतकरी तो घेईनात. पहिले सहा नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. शेतकऱ्याचा आक्षेप किमतीचा नव्हता, मातीविषयीच्या श्रद्धेचा होता, आणि श्रद्धेला आकड्याने उत्तर देता येत नाही. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये तेथून शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. कारखान्याची वार्ता ग्राहकांपर्यंत नेणारे हे पत्र पाहता पाहता मराठीतील एक अग्रगण्य मासिक झाले. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही भावंडे त्याला मिळाली. अमेरिकेत कारखान्याच्या प्रसिद्धी कचेरीतून यंत्रावर उलटणारी कादंबरी बाहेर पडली. महाराष्ट्रात कारखान्याच्या प्रसिद्धी पत्रातून यंत्रासह सुधारणा, उद्योग आणि स्त्रीशिक्षण यांचा पुरस्कार करणारे नियतकालिकांचे कुटुंब उभे राहिले. यंत्र जेथे दुर्मीळ होते तेथे ते मुक्तीचे पात्र म्हणून आले आणि जेथे मुबलक होते तेथे प्रतिस्पर्धी म्हणून, असे स्पष्टीकरण सुचते. ते अपुरे आहे. त्याच मराठीत मामा वरेरकरांची 'धावता धोटा' ही गिरणी कामगारांच्या जीवनावरील कादंबरीही आहे, आणि मुंबईच्या गिरण्यांत १९२८ च्या सार्वत्रिक संपात तंटा पेटला होता तो एका माणसाने अधिक यंत्रे सांभाळावीत या मागणीवरूनच. मराठीत यंत्राच्या दोन्ही कथा होत्या. त्या एकमेकींशी फारशा बोलल्या नाहीत, एवढेच.

स्वातंत्र्योत्तर भारतात मशीन शॉपच्या समर्थनाने तिसरेच रूप घेतले. मजुरी इतकी कमी की, मजुरीच्या बचतीवर परदेशी यंत्राची फेड दाखविणे कठीण. मार्क्सने वर्णिलेली खडीफोड्याची परिस्थिती येथे अपवाद नसून नियम होती. म्हणून युक्तिवाद शॉपच्या पातळीवरून राष्ट्राच्या पातळीवर गेला. १९५३ मध्ये स्विस कंपनी ओर्लिकॉनच्या सहकार्याने बंगलोर येथे हिंदुस्तान मशीन टूल्सची स्थापना झाली. १९५६ पासूनच्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत, प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या प्रतिमानानुसार, यंत्रे घडविणाऱ्या यंत्रांतील गुंतवणुकीला अग्रक्रम मिळाला. आज उपभोग थोडा कमी ठेवून यंत्र घडविणारे यंत्र उभारले तर पुढील पिढीचा उपभोग अधिक वेगाने वाढेल, हे या कथनाचे सार. येथे फेडीचा अवधी पाच वर्षांचा नव्हता, एका पिढीचा होता. लेथ, मिलिंग यांसारख्या यंत्रांना 'मदर मशीन' म्हणण्याचा प्रघात भारतीय औद्योगिक भाषेत रुजला आहे. मातेचे पांग फेडण्याची मराठी कल्पना या शब्दाला सहज चिकटते, आणि मातेकडे फेडीचा हिशेब मागणे अशिष्ट ठरते, हेही त्याबरोबर येते. सार्वजनिक उद्योगांतील गुंतवणूक दीर्घकाळ चिकित्सेपासून दूर राहिली, त्यात या रूपकाचा काही वाटा असावा.

पुढे १९८० च्या दशकात अमेरिकन यंत्रउद्योग जपानपुढे मागे पडला आणि फेडीच्या कागदावरच संशय घेतला जाऊ लागला. हार्वर्डमधील रॉबर्ट कॅप्लन यांनी १९८६ मध्ये लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकातच प्रश्न आहे : संगणकीय एकात्म उत्पादनाचे समर्थन केवळ श्रद्धेनेच करावे काय? ल्यूथरचा प्रतिध्वनी इंग्रजी वाचकाला तात्काळ ऐकू येतो. मराठी अनुवादात तो हरवतो, आणि त्याबरोबर लेखाची अर्धी गंमतही. कॅप्लन यांनी दिलेले उदाहरण जपानमधील यामाझाकी कंपनीचे आहे. १ कोटी ८० लक्ष डॉलर खर्चून उभारलेल्या लवचीक उत्पादन यंत्रणेमुळे यंत्रे ६८ वरून १८ झाली, माणसे २१५ वरून १२, जागा १ लक्ष ३ हजार चौरस फुटांवरून ३० हजार, आणि जॉब पूर्ण होण्याचा सरासरी काळ ३५ दिवसांवरून दीड दिवसावर आला. एवढे होऊनही दोन वर्षांत बचत ६९ लक्ष डॉलरच भरली, आणि त्यातही ३९ लक्ष एकदाच मिळालेली, पडून राहणारा माल घटल्यामुळे. वार्षिक मजुरीतील १५ लक्षांची बचत वीस वर्षे चालू राहिली असे धरले, तरी परतावा दहा टक्क्यांच्या खालीच.

शॉप ओळखू येणार नाही इतके बदलले होते आणि कागद ते न्यून मानत होता. कॅप्लन यांनी दोष दाखविले ते कागदाच्या व्याकरणातले. भविष्यातील रुपया आजच्या रुपयाच्या भाषेत आणताना कंपन्या अवाजवी दर लावतात. वीस टक्के दराने पाच वर्षांनंतरचा रुपया आज चाळीस पैशांचा उरतो, दहा वर्षांनंतरचा सोळा पैशांचा. मग दीर्घायुषी यंत्र हरणारच. शिवाय नवे यंत्र न घेतल्यास सर्व काही आहे तसेच राहील असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात शेजारचा कारखाना यंत्र घेतो आणि आपले गिऱ्हाईक जाते. बॅबेज यांनी १८३२ मध्ये सांगितलेली गोष्ट दीडशे वर्षांनी पुन्हा सांगावी लागली, यावरून शास्त्र नेहमी पुढेच जाते असे मानण्याचे कारण नाही.

कॅप्लन यांचा उपाय मोठा मार्मिक आहे. लवचीकता, दर्जा, शिकण्याची संधी यांची किंमत काढता येत नसेल तर तेथे शून्य लिहू नये, कारण शून्य हीदेखील एक किंमतच असते आणि ती बहुधा चुकीची असते. उलट दिशेने हिशेब करावा. प्रकल्प तोट्यात न जाण्यासाठी या अमूर्त लाभांची किंमत वर्षाला किती असावी लागेल ते काढावे, आणि तेवढी असणे संभवते काय असे जाणत्यांना विचारावे. हे वाचनाच्या शास्त्राला जवळचे आहे, कारण संहितेतील रिकाम्या जागेचा आकार भोवतालच्या मजकुरावरूनच ठरविला जातो. मात्र २१५ पैकी जी २०३ माणसे त्या शॉपमधून गेली, त्यांना काय येत होते, हा प्रश्न या रिकाम्या जागेतही घातलेला नाही. ती बचतीच्या बाजूला आहेत, आणि हिशेबात एक वस्तू दोन बाजूंना लिहिता येत नाही.

रेकॉर्ड-प्लेबॅक तंत्र धातू कापण्याच्या शॉपमधून गेले तरी नाहीसे झाले नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात नॉर्वेतील ब्रिन या गावी, एकचाकी ढकलगाड्या बनविणाऱ्या ट्राल्फा कंपनीने रंगकामासाठी यांत्रिक हात तयार केला. त्याला आकडे दिले जात नसत. कसबी रंगारी तो हात धरून एकदा गाडी रंगवी. त्याच्या मनगटाची वळणे, थांबणे, कडेला फवारा हलका सोडणे, सर्व नोंदले जाई, आणि पुढच्या गाड्या यंत्र त्याच्या पद्धतीने रंगवी. यंत्र इतके चांगले चालले की कंपनी पुढे ते इतरांना विकू लागली. मोटार कारखान्यांतही ते पोहोचले, आणि नवा नमुना आला की तेथेही हात धरण्यासाठी चांगला रंगारी शोधावा लागे.